दोन दिवसांचा ताप

“किती आहे, वहिनी?” अनंतभाऊजींनी विचारलं.

मी त्यांच्या बोटाचं ऑक्सिमीटर काढून पुसलं आणि दुसऱ्या बोटाला लावलं. आकडा जरा वेळ वरखाली झाला आणि परत तिथेच येऊन थांबला. अठ्ठ्याऐंशी.

“बोटं गार पडलीत तुमची,” मी म्हणाले. “हात चोळा जरा. परत बघू.”

गणेश चतुर्थीची सकाळ होती. साडेआठ वाजले असतील. खारवलीच्या मराठी शाळेत, दुसरीच्या वर्गात, बाकं भिंतीला सारून पाच सतरंज्या टाकलेल्या होत्या. त्यातल्या चार गुंडाळून झाल्या होत्या आणि ती चार माणसं पिशव्या भरून व्हरांड्यात जाऊन उभी होती. त्यांचे दहा दिवस पुरे झाले होते. नऊ वाजता सरपंच येऊन सह्या करणार आणि पाचही जण आपापल्या घरी गणपतीला जाणार, असं ठरलेलं. फाटकाला बांधलेल्या दोरापलीकडे घरची माणसं छत्र्या घेऊन आलीसुद्धा होती. भाऊजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगात चढवला होता. बटणं लावताना ते मध्येच थांबून श्वास घेत होते. ते मी दारातून पाहिलं आणि आत आले.

हात चोळून झाले. परत बघितलं. सत्त्याऐंशी.

ही कोरोनाच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. मुंबईहून येणाऱ्याने आधी शाळेत दहा दिवस काढायचे, मग घराची पायरी चढायची, असा आमच्या गावाचा नियम होता. मी गावची आशा सेविका. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. त्या वहीवर अख्खा गाव विसंबून होता. पोरांना दूध पाजणाऱ्या बायका, दम्याची म्हातारी माणसं, सगळी मला रस्त्यात अडवून विचारायची, “ताई, शाळेतली माणसं बरी आहेत ना?” मी म्हणायची, “बरी आहेत.” की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

अनंतभाऊजी माझे धाकटे दीर. भांडुपला एका कारखान्यात कामाला होते. दोन वर्षं ते गावी आले नव्हते, कारण आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांना येऊ नको म्हणून सांगितलं होतं. आमचे सासरे ऐन श्रावणात गेले. छातीत कळ आली ती संध्याकाळी, आणि पहाटेला संपले. पाऊस मी म्हणत होता. वाट बघायची किती, म्हणून दुपारी उरकून घेतलं. भाऊजी पोचले ते दुसऱ्या दिवशी. त्यांनी चप्पल काढायच्या आत आई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “परवा सांजेपासून तीनदा फोन लावला तुला. उचलला नाहीस. बाप वाट बघून गेला तुझी. आता कशाला आलास?” भाऊजींनी तिथेच उभ्या उभ्या खिशातून फोन काढून बघितला. मग ओटीवर बसले. बाराव्यानंतर गेले ते गेलेच.

कोरोनाच्या वर्षी जुलैत आईंनी आपणहून मला नंबर लावायला सांगितला. फोनवर एवढंच म्हणाल्या, “मुंबईत माणसं मरतायत म्हणे. गणपतीला घरी ये.” आणि फोन माझ्या हातात दिला.

म्हणून चतुर्थीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, जे झालं ते झालं. थर्मामीटरवर शंभर पूर्णांक चार दिसलं. भाऊजींनी माझा चेहरा बघितला आणि विचारलं, “आहे ना ताप?”

“आहे.”

“विहिरीवर गार पाण्याने आंघोळ केली सकाळी. त्याचाच असेल.”

“असेल. पण मला कळवावं लागेल. तालुक्याला नेऊन टेस्ट करतील.”

“आणि मग परत चौदा दिवस.” ते सतरंजीवरून उठले. मग एकदम खाली वाकले. मी मागे सरले, पण त्यांनी लांबूनच जमिनीवर डोकं टेकलं. पंचेचाळिशीचा माणूस. “वहिनी, दोन दिवस. फक्त दोन दिवस नका लिहू. चतुर्थीला आईसमोर एकदा उभा राहतो, मग कुठेही न्या मला. तिने आपणहून बोलावलंय. परत बोलावील की नाही, कोणाला माहीत?”

मला त्यांची दया आली, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. घरात दोन वर्षं जो अबोला मी पाहिला होता, दोन गणपतींत आई जेवताना ज्या पद्धतीने पाठ फिरवून बसायच्या, ते मला संपवायचं होतं. माझ्या हातून संपावं असं वाटत होतं. मी पॅरासिटामॉलच्या गोळ्या दिल्या आणि वहीत लिहिलं, ताप नाही, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. शुक्रवारी सकाळी तेच लिहिलं. संध्याकाळी ऑक्सिजन चौऱ्याण्णव होता, तेव्हाही तेच लिहिलं.

आणि आता सत्त्याऐंशी.

मी व्हरांड्यात येऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. फोन बाकावर ठेवून स्पीकर लावला. तेवढ्यात सरपंच रामाणे फाटकातून आत आले. बरोबर सह्यांचे कागद होते.

“काय झालं, ताई?”

“अनंतभाऊजींचा ऑक्सिजन उतरलाय. सत्त्याऐंशी आहे.”

व्हरांड्यात उभी असलेली चारही माणसं वळून बघायला लागली. दीपक पाष्टे त्यातला सगळ्यात तरुण. त्याने बाकावरची वही उचलली आणि पानं उलटायला लागला.

फोनवर मॅडम म्हणाल्या, “पेशंटला पालथं झोपवा. लगेच. ॲम्ब्युलन्स मी सांगते, पण ती आत्ता दुसरीकडे गेलेली आहे, दोन-अडीच तास धरा. खासगी गाडीने निघू नका, वाटेत ऑक्सिजन लागेल. ताप आहे?”

“आहे.”

“कधीपासून?”

सरपंचांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काय ते ओळखलं आणि पुढे होऊन फोनवर हात ठेवला. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “आज सकाळी आला म्हणून सांगा. वहीत काही नाहीच. त्याला गाडीत घालू, हे चौघं घरी जातील, सण होईल. उगाच गावात बोंब नको. तुमचीही नोकरी राहील.”

ते वाईट माणूस नव्हते. फाटकापलीकडे उभ्या असलेल्या माणसांकडे बघून बोलत होते. मीही तिकडे बघितलं. दोराला अगदी लागून दीपकची बायको अश्विनी उभी होती. आठवा महिना. एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्या हातात छत्री. नवऱ्याला न्यायला स्वतः आली होती.

“हॅलो? ताई, ताप कितवा दिवस आहे? त्यावर औषध ठरतं. बोला लवकर.”

मी सरपंचांचा हात फोनवरून बाजूला केला.

“तिसरा दिवस, मॅडम. गुरुवार संध्याकाळपासून. शंभरच्या वर. मी वहीत खोटं लिहिलंय.”

 मग मॅडम म्हणाल्या, “त्या खोलीत आणखी किती जण होते?”

“चार.”

“एकालाही बाहेर सोडायचं नाही. सगळ्यांच्या टेस्ट होतील. तुमच्याशी नंतर बोलते. आधी पेशंटकडे जा. आणि ऐका, तो घाबरला तर श्वास आणखी चढेल. त्याला शांत ठेवा. काहीही करा, पण शांत ठेवा.”

दीपकच्या हातातून वही खाली पडली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“माझी अश्विनी आठव्या महिन्यात आहे, ताई,” तो म्हणाला. “तिच्या गोळ्या तुम्हीच आणून देता.”

 मी आत गेले.

भाऊजींनी सगळं ऐकलं होतं. सतरंजीवर बसले होते, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि मान पुढे काढून श्वास ओढत होते. “वहिनी, मी मरतोय काय?”

“पालथे झोपा.”

“मी तुमची नोकरी...”

“भाऊजी, बोलायचं नाही. पालथे झोपा. उशी छातीखाली घ्या. असं. आता नाकाने आत, तोंडाने बाहेर.”

मास्क होता, त्यावर चेहऱ्याची काच होती, हातमोजे होते. काचेला आतून वाफ धरली होती आणि मला त्यांचं डोकं धुरकट दिसत होतं. मी चार हात लांब बसून श्वास मोजायला लागले. मिनिटाला बत्तीस. परत मोजले. चौतीस. बाहेर एकदम गलका झाला होता. कोणीतरी माझं नाव घेऊन शिव्या देत होतं. प्रत्येक शिवीसरशी भाऊजींची पाठ जोरात वरखाली व्हायची. ऑक्सिमीटर पंच्याऐंशी दाखवत होतं.

शांत ठेवा म्हणणं सोपं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. मी काय सांगून त्यांना धीर देणार? मी घरी फोन लावला. दोन रिंगमध्ये आमच्या यांनी उचलला.

“आईंना द्या.”

“अगं, गणपती पाटावर बसवायचाय, मुहूर्त...”

“आत्ता द्या.”

आई फोनवर आल्या. मी दाराशी जाऊन, तोंड बाहेर करून, जेवढं हळू बोलता येईल तेवढं बोलले. “आई, भाऊजींना तोच आजार झालाय. श्वास लागलाय. गाडी यायला दोन तास आहेत. त्यांना घाबरू द्यायचं नाही. तुम्ही त्यांच्याशी बोला. रडायचं नाही, काही विचारायचं नाही, त्यांना उत्तर द्यायला लावायचं नाही. नुसतं बोलत राहायचं. जमेल?”

फोनवर नुसती खरखर झाली. फोन तुटला की काय असं वाटलं.

“त्याच्या कानाशी ठेव,” त्या म्हणाल्या.

मी फोन स्पीकरवर करून सतरंजीवर, त्यांच्या तोंडाशी ठेवला आणि परत लांब बसले.

“अनंता, आयकतोस काय रे?” आईंचा आवाज आला. रोज गोठ्यातून हाक मारतात तसा. “बोलू नको. मी सांगते ते आयक. गणपती आणलाय तो पिवळ्या पितांबराचा. सोंड जरा जाड झालीय या वेळेला. आम्ही लाल सांगितला होता, त्याने पिवळाच दिला. डोळे मात्र सुबक काढलेत. रघुनाथदादा तुझा सोवळं नेसून बसलाय. भटजी येत नाहीत, फोनवरून मंत्र सांगणार आहेत. बघ, काय दिवस आलेत.”

भाऊजींनी डोळे मिटले.

“गणपतीच्या वर कवंडळाची फळं बांधलीत. तेरडा आणलाय सड्यावरनं. नारळ या वर्षी बारीक आहेत, माकडांनी मोठे ठेवले नाहीत. मोदकांची उकड सैल झाली. तुझी वहिनी प्रमिला नाही ना हाताशी, मग कोण मळणार? रघुनाथाने मळली. आता मोदक कसले, गोळे होतायत नुसते.”

त्या थांबल्याच नाहीत. गाय कधी व्यायली, पाडी कशी झाली, बांध कुठे फुटला, कोणाच्या मुलीचं लग्न पाच माणसांत लागलं. दोन वर्षांचं सगळं गाव त्यांनी भाऊजींसमोर ओतलं. मधेच म्हणाल्या, “आता प्राणप्रतिष्ठा चाललीय हां. हात जोडू नको, पडून राहा.” आणखी काही वेळाने म्हणाल्या, “आरती धरतायत. तू मनात म्हण. तोंडाने म्हणू नको, दम लागेल.” आणि त्यांनी स्वतःच बारीक आवाजात आरती म्हटली, एक कडवं, मग दुसरं. कुठे घाई नाही, कुठे आवाज फुटला नाही.

श्वास बत्तीस झाले. मग अठ्ठावीस. ऑक्सिमीटर नव्वदवर येऊन थांबलं. एकदा परत पंच्याऐंशीवर गेलं तेव्हा मी उठायलाच निघाले. पण आई त्याच सुरात कसल्याशा पडवळाच्या वेलाबद्दल बोलत होत्या, आणि मीही हळूहळू त्या वेलाच्या मागोमाग गेले. आकडा परत एकोणनव्वदवर आला. बाहेरचा गलका कधी थांबला, ते मला कळलंच नाही. सरपंच, ती चार माणसं, सगळी व्हरांड्यात आपापल्या जागी लांब लांब बसून ऐकत होती. दीपकसुद्धा.

ॲम्ब्युलन्स अकरा चाळीसला आली. स्ट्रेचरवर घेताना भाऊजींनी फोनकडे बोट केलं. मी तो त्यांच्या कानाशी नेला.

“येतो, आई,” ते म्हणाले.

“जाऊन ये,” आई म्हणाल्या. आणि फोन बंद झाला.

चौघांच्या टेस्ट झाल्या. दोघांना लागण झालेली निघाली, त्यात दीपक एक. सुदैवाने दोघांनाही फारसा त्रास झाला नाही. ऑक्टोबरात अश्विनीला मुलगी झाली. धडधाकट. पण त्या दिवशी दीपक दहा वाजता घरी गेला असता तर काय झालं असतं, याचा हिशोब मी अजून करत नाही. मला कामावरून तीन महिने थांबवलं. माझं काही म्हणणं नव्हतं. गावातल्या बायका मला बघून दार लोटून घ्यायच्या. त्यावरही माझं काही म्हणणं नव्हतं. कोणी सांगितलं तुम्हाला खोटं लिहायला, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, माझं मीच लिहिलं.

मीसुद्धा त्या दिवसापासून शाळेतच अडकले होते. चौदा दिवसांनी घरी आले तेव्हा गौरी-गणपती जाऊन कितीतरी दिवस झाले होते. आई नेहमीसारख्या बोलल्या. चहा पुढे केला. वहीचा विषय काढला नाही, पण माझ्याकडे बघायच्याही नाहीत. मला वाटलं, यांचा माझ्यावर राग आहे, आणि असायलाच हवा.

भाऊजी सतरा दिवसांनी दवाखान्यातून सुटले. गाडीतून उतरले तेव्हा तोच पांढरा शर्ट अंगावर झुलत होता. ओटीवर खुर्ची टाकून त्यांना बसवलं. आई उंबऱ्याशी बसल्या. आमचे हे खांबाला टेकून उभे होते. मी पाणी आणलं.

“आई,” भाऊजी जरा वेळाने म्हणाले, “त्या दिवशी तू आरती म्हटलीस ना, मला घंटा ऐकू येत होती बघ.”

आमचे हे एकदम म्हणाले, “घंटा कुठली? घरात रेंज कुठे टिकते? रिंग वाजते आणि दोन वाक्यांत फोन तुटतो. आई गोठ्यामागच्या फणसाखाली उभी होती.”

भाऊजींना कळेना. मलाही. घरात रेंज टिकत नाही हे त्या घाईत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“अडीच तास. पावसात. डोक्यावर इरलं घेऊन. मी छत्री धरायला गेलो तर हाताने ढकलून दिलं मला. गणपती पाटावर तसाच झाकलेला. मी म्हटलं, मुहूर्त जातोय. तर म्हणाली, अनंता गाडीत बसल्याशिवाय कोणी त्याच्यावरचं फडकं काढायचं नाही. पूजा झाली ती एक वाजल्यानंतर.”

म्हणजे प्राणप्रतिष्ठा नव्हती, आरती नव्हती, उकड नव्हती. सगळं त्या म्हातारीने फणसाखाली उभं राहून रचलं होतं.

भाऊजी खुर्चीतून पुढे झुकले. मग म्हणाले, “आई, वहिनींना बोल लावू नकोस. गुरुवारी मीच त्यांच्यापुढे डोकं टेकलं होतं. नका लिहू म्हणून. त्या कोणाला बोलल्या नाहीत, पण खोटं माझं होतं.”

 आईंनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. मला वाटलं, आता माझ्यावर बरसणार. पण त्यांनी भाऊजींकडे बघितलं.

“मी फोन लावलाच नव्हता,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुझे बाबा गेले तेव्हा. सांजेला त्यांच्या छातीत कळ आली. म्हणाले, अनंताला फोन लाव. मी म्हटलं, पोर घाबरेल, धावत येईल, पावसाचा घाट आहे. सकाळी लावू. सकाळी लावला तो ते गेल्यावर. तू कामावर होतास. आदल्या दिवशी तीनदा लावला म्हणून मी लोकांसमोर बोलले, ते खोटं. तू आलास आणि मला तुझ्या तोंडाकडे बघवेना, म्हणून बोलले.” त्या थांबल्या. “शाळेत सगळ्यांच्या देखत ही बोलली, आपण खोटं लिहिलं म्हणून. रघुनाथाने सांगितलं मला. तेव्हापासून मला हिच्याकडे बघवत नाही.”

 भाऊजींना परत श्वास लागतो की काय, म्हणून मी त्यांच्या छातीकडे बघत होते. नाही लागला.

“मी दोन वर्षं तो फोन तपासत होतो,” ते म्हणाले. “तीन मिस्ड कॉल गेले कुठे म्हणून. फोनच्या कंपनीत जाऊन विचारलं.”

“माहीत आहे. रघुनाथ बोलला होता.”

“बाबांना काय बोलायचं होतं?”

आई जरा वेळ आठवत बसल्या. किंवा आठवत नसतील, बोलायला बळ आणत असतील.

“काही नाही रे. विचार म्हणाले, गणपतीला रजा मिळाली काय त्याला.”

भाऊजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मिळाली होती,” ते म्हणाले.